मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपुरात फुकट होतं, तरी आपली म्हातारी माणसं आंधळी का राहतात?

उमरेडची_लेक

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझं सासर नागपुरात, मानेवाड्याला. माहेर उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या बाजूला एका खेड्यात. आई ६८ वर्षांची, दादा-वहिनीजवळ राहते. पोळ्याला गेले होते. दुपारी आईनं चहा केला आणि कपात ओतताना तिचं एक बोट कपाच्या काठावरून आत गेलेलं मला दिसलं. चहा बोटाला लागला की ओतणं थांबवायचं, अशी तिची रीत झाली होती. हात हातात घेऊन पाहिला तर त्या बोटावर पोळल्याचे जुने-नवे डाग. विचारलं तर म्हणाली, "काही नाही वं, डोयाले जरा धुकं धुकं दिसते. वय झालं आता."

मग एकेक आठवायला लागलं. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, देठ खुडायला जायची, ते दोन वर्षांपूर्वी सोडलं; कारण सांगितलं गुडघ्यांचं. संध्याकाळच्या भजनाला जाणं बंद केलं. म्हणे, झोप येते. सुईत दोरा शेजारचा पोट्टा ओवून देतो. तांदूळ निवडणं वहिनीकडे गेलं. न्हाणीपर्यंत भिंतीला हात लावत जाते. दर वेळी आम्हाला एक कारण मिळत गेलं आणि आम्ही ते मान्य करत गेलो. घरात पाच माणसं आहेत. फोनवर मी रोज बोलते.

नागपूरला आणून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, दाखवलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, नुसता उजेड कळतो. डाव्यानं जेमतेम दीड मीटरवरची बोटं मोजता येतात. तिथल्या ताईंनी सांगितलं की नोंदीत हिला 'अंध' म्हणावं लागतं. चुलीवर स्वयंपाक करणारी, नातवंडांना आंघोळ घालणारी माझी आई अंध आहे, हे मला एका केसपेपरवरून कळलं.

पुढच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. लेन्स, औषधं, ऑपरेशन, कशालाच पैसे नाहीत. म्हणूनच माझा प्रश्न सुटत नाही. नागपुरात मेडिकल आहे, दुसरा सरकारी दवाखाना मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे, ट्रस्टची नेत्र रुग्णालयं आहेत. वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आणि सावंगी आहे. आमच्या गावाहून नागपूर दोन तासांवर. तरी आमच्या एका गल्लीत मी दोन दिवस फिरले तर अशी आणखी चार माणसं सापडली. एक मावशी म्हणाली, पोराले सुट्टी नाही. एक आजोबा म्हणाले, कापूस निघू दे, मंग पाहू. एकीला कोणीतरी सांगून ठेवलंय की अजून पिकला नाही. आणि चौथ्या मावशीला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

मला वाटतं, डॉक्टर नागपुरात आहे आणि अडलंय घराच्या अंगणात. सोबत जाणारं माणूस नाही. तुमच्याकडे काय अनुभव आहे? नुसतं मन मोकळं करायला लिहीत नाहीये, त्या चौघांना घेऊन यायचं आहे, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.

पुण्यातला_नागपूरकर

वाचून पहिलं काम केलं ते म्हणजे नंदनवनला बाबांना फोन लावला. वय ७४, एकटे राहतात. मोतीबिंदू आहे हे दोन वर्षांपूर्वी चष्म्याच्या दुकानात कळलं होतं. "हिवाळ्यात करू" म्हणत दोन हिवाळे गेले. आता विचारलं तर म्हणाले, जवळचं वाचायला तर चष्मासुद्धा लागत नाही, उलट डोळे सुधारले आहेत. हे कसं काय?

निवृत्त_नेत्रअधिकारी

ताई, आधी तुम्हाला सांगतो. मी ३१ वर्षं नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केलं. मी डॉक्टर नाही. तपासायचं, चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून ऑपरेशनला पाठवायचे, हे माझं काम. तुमच्या आईसारख्या कितीतरी बायका तपासल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींनी पहिलं वाक्य हेच म्हटलं, "मले काही त्रास नाही बापा."

देशाचे आकडे सांगतो. २०१५ ते २०१९ या काळात राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांत अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के निघालं आणि त्या अंधत्वातलं ६६.२ टक्के निव्वळ ऑपरेशन न झालेल्या मोतीबिंदूमुळे. म्हणजे तीन आंधळ्या माणसांमागे जवळजवळ दोघांना पुन्हा दिसू शकतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये प्रमाण जास्त. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, तरी हे असं आहे.

"पिकू द्या" ही समजूत कुठून आली तेही ऐका, कारण यात लोकांचा दोष नाही. पूर्वी डोळ्यातलं भिंग अख्खं काढून टाकत. पिकलेलं भिंग काढायला सोपं जाई. आत कृत्रिम भिंग बसवत नसत, त्यामुळे नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्मभर. एका डोळ्यानं ठीक दिसत असेल तर असं ऑपरेशन करून फायदा नसायचा, म्हणून तेव्हाचे डॉक्टर स्वतःच सांगत, थांबा. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला, महाराष्ट्र त्यात होता. त्या काळापासून आत लेन्स बसवण्याची पद्धत आपल्या सरकारी दवाखान्यांत रुजत गेली. पद्धत बदलली, पण जुना सल्ला घराघरांत राहून गेला. आजी नातसुनेला तोच सांगते.

आज उलटं आहे. जितका पिकेल तितका कडक होतो आणि ऑपरेशन अवघड होतं. मोतीबिंदू कधी करायचा? रोजचं काम अडायला लागलं की. स्वयंपाक, शेत, रस्ता ओलांडणं, रात्री समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांत पसरणं. एवढं पुरेसं आहे.

हिवाळ्याचंही तसंच. टाके घालायचे, रुग्णाला दिवसेंदिवस उताणं निजवून ठेवायचे, तेव्हा घाम नको म्हणून थंडी बरी वाटे. आता बहुतेक ऑपरेशनला टाका नाही. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा ऑपरेशनं होतात.

पुण्याच्या दादांना : बाबांचे डोळे सुधारलेले नाहीत. मोतीबिंदू मधोमध घट्ट होत जातो तेव्हा काही जणांची जवळची नजर थोडे दिवस सुधारते, चाळशीचा चष्मा सुटतो. घरात आनंद होतो. दूरचं मात्र त्याच वेळी बिघडत असतं. हे दिवस टिकत नाहीत.

कामठीकर

सगळं खरं असेल, पण माझ्या मामाचं सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शिबिरात ऑपरेशन केलं. नाव घेत नाही. तिसऱ्या दिवशी डोळा लाल, ठणका. ज्यांनी नेलं होतं ते म्हणाले, होईल कमी, थेंब टाका. आठवडा गेला. तो डोळा गेला तो गेलाच. त्यानंतर आमच्या घरात कोणीच ऑपरेशनला तयार नाही. मामीला आता दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं, तरी ती दवाखान्याच्या दारातून परत येते. फुकटाला लोक का जात नाहीत, याचं उत्तर यातही आहे. भीती उगाच नसते.

निवृत्त_नेत्रअधिकारी

कामठीकर, मामांचं वाचून वाईट वाटलं. तुमची भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतू शिरले की काही तासांत-दिवसांत डोळा जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं.

दोन गोष्टी सांगतो. शाळेत, मंगल कार्यालयात, मंडपात ऑपरेशनं करायची नाहीत, असं आता धोरण आहे. शिबिरात फक्त तपासणी होते. निवडलेल्या रुग्णांना गाडीनं रुग्णालयात आणतात आणि तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्येच करतात. कोणी तुम्हाला शिबिराच्या जागीच ऑपरेशन करून देतो म्हणत असेल तर उठून निघून या.

दुसरं, जे मामांच्या वेळी कोणी सांगितलं नाही. ऑपरेशननंतर डोळा थोडा खुपतो, पाणी येतं, हे चालतं. पण वेदना वाढत जाणं, लाली वाढणं, पापणी सुजणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आलेली नजर पुन्हा कमी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, जिथं ऑपरेशन झालं तिथं किंवा मेडिकल-मेयोला जायचं. उद्यावर टाकायचं नाही. वेळेत डोळ्यात औषध सोडलं तर पुष्कळ डोळे वाचतात. घरी जाताना रुग्णालयाचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मामींना एकदा घेऊन बसा आणि मामांचं काय झालं हे डॉक्टरांना त्यांच्यासमोरच सांगा. त्यांचा प्रश्न ऐकून घेणारा डॉक्टर मिळाला तर त्या तयार होतील, असं मला वाटतं.

कामठीकर

धन्यवाद काका. हे "त्याच दिवशी" आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. मामीशी बोलतो.

गावची_आशा

मी आशा वर्कर आहे. कुही तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही. धागा माझ्या भाचीनं वाचून दाखवला आणि मला लिहावंसं वाटलं.

ताई, तुम्ही म्हणता ऑपरेशन फुकट आहे. माझ्या गावच्या एका आजीचा हिशेब सांगते. पहिली फेरी तपासणीला. दुसरी, रक्त-शुगर-बीपीच्या रिपोर्टला. शुगर जास्त निघाली म्हणून परत पाठवलं, ती तिसरी. मग ऑपरेशनला भरती. मग आठवड्यानं दाखवायला. मग महिन्यानं चष्म्याच्या नंबरला. दर वेळी सोबत एक माणूस पाहिजे. आजीची मजुरी बुडत नाही, तिची मजुरी केव्हाचीच बंद झाली आहे. पण सोबतच्या सुनेची बुडते. बसभाडं दोघींचं, बाहेरचं खाणं दोघींचं. सून म्हणाली, "ताई, निंदणाचे दिवस आहेत, सहा दिवस कुठून आणू?" ती वाईट नाही. तिची लेकरं उपाशी राहू नयेत म्हणून ती बोलते.

आणि बाईमाणूस स्वतःहून म्हणत नाही. आजोबांना दिसेनासं झालं की घरात गडबड होते, बँकेची सही कोण करणार, शेताचे कागद कोण पाहणार. आजीला दिसत नाही हे घराला लवकर कळतच नाही, कारण तिचं सगळं काम हाताच्या सवयीनं चालतं. तुमच्या आईचं बोट कपात होतं ना, आमच्याकडे एक आजी मिठाचा आणि साखरेचा डबा वास घेऊन ओळखते.

मी आता असं करते. एकटी बाई पाठवत नाही, तीन-चार एकदम पाठवते आणि सोबत फक्त एक सून किंवा मी. मजुरी एकीचीच बुडते. बायका एकमेकींच्या धीरानं जातात. एकटी घाबरते की डोयात सुई खुपसतात म्हणून.

संत्रानगरी

आशाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे कोणत्याच सरकारी पत्रकात नसतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. आईला (वय ७२) एका खाजगी ठिकाणी दाखवलं. समोर तीन-चार लेन्सचा दरांचा कागद ठेवला. देशी, परदेशी, चष्मा न लागणारी. वर म्हणाले, लेझरनं करू. साधी लेन्स घेतली तर आईवर अन्याय करतोय असं वाटायला लावलं. पगारात बसत नाही म्हणून आम्ही ऑपरेशनच पुढे ढकललं.

निवृत्त_नेत्रअधिकारी

पुढे ढकलू नका! साधी लेन्स म्हणजे मोनोफोकल, म्हणजे एका अंतरासाठीची. बहुतेक ठिकाणी दूरचं स्पष्ट दिसेल अशी बसवतात आणि वाचायला चष्मा लागतो. एवढाच फरक. नजर त्यानं उत्तम येते. मल्टीफोकलमध्ये, म्हणजे एकाहून जास्त अंतरांसाठीच्या लेन्समध्ये, चष्म्याची गरज कमी होते, पण काही जणांना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि डोळ्याच्या मागचा पडदा खराब असेल, काचबिंदू असेल तर ती सहसा सुचवत नाहीत. ज्यांच्या बुबुळाला जास्त तिरका नंबर आहे त्यांना टोरिक लेन्सचा फायदा होतो. तेवढं डॉक्टरांना विचारा. बाकी, परदेशी म्हणून चांगली असं काही नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून भारतातच लेन्स बनवायला घेतल्या म्हणून तर लेन्स गरिबाच्या आवाक्यात आली. त्याच लेन्स पुढे परदेशातही जाऊ लागल्या.

लेझरचं : फेको म्हणजे लहान छेदातून मोतीबिंदू आतच फोडून काढायची पद्धत. त्यात फोडायला वापरतात त्या ध्वनिलहरी, लेझर नाही. लेझरची वेगळी महागडी पद्धत आहे, ती गरजेची नाही. सरकारी दवाखान्यात पुष्कळदा फेको न करता सहा-सात मिलिमीटरच्या छेदातून बिनटाक्याचं ऑपरेशन करतात. त्याला कमी लेखू नका. २००७ मध्ये नेपाळमधल्या डॉक्टरांनी दोन्ही पद्धतींची तुलना करून प्रसिद्ध केली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतली ९८ टक्के माणसं, लागेल तो चष्मा लावून, चांगली नजर राखून होती. खूप कडक, पिकलेल्या मोतीबिंदूला तर तीच पद्धत हुकमी पडते.

आणि तुमच्या आईंचं वय ७२ आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत. त्यात मोतीबिंदू येतो. आधार कार्ड लागतं. योजनेत असलेलंच रुग्णालय निवडायचं, एवढं आधी विचारून घ्या. पुण्याचे दादा, तुमच्या बाबांनाही हेच लागू आहे.

पुण्यातला_नागपूरकर

काल कार्डाची नोंदणी केली, मोबाइलवरच झाली. बाबांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे आणि रक्त पातळ होण्याचीही. आधी बंद करायच्या का?

निवृत्त_नेत्रअधिकारी

स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका. रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. पण दोन्ही गोळ्यांची पाकिटं डोळ्यांच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा. प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिन नावाच्या गोळीनं ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते तयारी ठेवतात. हे रुग्ण सांगत नाहीत, कारण लघवीच्या गोळीचा डोळ्याशी संबंध असेल असं कोणाच्या मनात येणार?

आणि एकटे राहतात म्हणता. घरात पडलेत का अलीकडे?

पुण्यातला_नागपूरकर

दोनदा. मला एकदाच सांगितलं होतं, दुसरं आज विचारल्यावर कळलं.

निवृत्त_नेत्रअधिकारी

मग हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला ७० वर्षांवरच्या ३०६ स्त्रियांवर चाचणी झाली, २००५ मध्ये छापून आली. ज्यांचा पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू लगेच काढला त्यांचं पडण्याचं प्रमाण, वाट पाहत ठेवलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी निघालं. खुब्याचं हाड मोडलं की म्हातारा माणूस किती दिवस अंथरुणात राहतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

जुना_इतवारी

एक कळकळीनं सांगायचं आहे, मोतीबिंदू पिकू देण्याबद्दलच. आमच्या आबांचा एक डोळा पांढरा दिसायचा. दुसऱ्यानं चालत होतं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. एका रात्री डोकं भयंकर दुखायला लागलं, उलट्या. आम्ही समजलो पित्त. दोन दिवस सोडा, लिंबू, पित्ताच्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक दिसला तेव्हा नेलं. पिकलेलं भिंग फुगून डोळ्याचा दाब वाढला होता. ऑपरेशन केलं, दुखणं थांबलं, पण नस तोवर मेली होती. त्या डोळ्याला उजेडसुद्धा कळला नाही. पहिल्याच रात्री गेलो असतो तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या माणसाचं डोकं दुखून उलटी झाली तर आधी डोळा बघा.

उमरेडची_लेक

इतवारीचे दादा, हे लिहिलंत, बरं केलंत. तुमचा प्रतिसाद वाचून मी दादाला फोन केला आणि त्या कापूसवाल्या आजोबांकडे पाठवलं. कापूस निघेपर्यंत थांबायचं नाही म्हणून.

नेत्रअधिकारी काका, घरच्या घरी कसं ओळखायचं हे एकदा सोपं करून लिहाल का? इथं वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांचे आई-बाबा गावी आहेत.

निवृत्त_नेत्रअधिकारी

भर दिवसा, अंगणात. म्हाताऱ्या माणसाला रोजचा चष्मा लावायला सांगा. दहा फुटांवर उभे राहा. एक डोळा तळहातानं झाका, बोटांनी दाबू नका. तुमची बोटं दाखवा, तीन, एक, चार, अशी बदलून. मग दुसरा डोळा. दहा फुटांवरून, म्हणजे साधारण तीन मीटरवरून, चांगल्या डोळ्यानंही बोटं मोजता आली नाहीत तर आपल्याकडे त्याला अंधत्व धरतात. २०१७ पर्यंत आपली व्याख्या याहून सैल होती, सहा मीटरची, नंतर जागतिक आरोग्य संघटनेसारखी केली. पण एवढी वाट पाहायची नाही. एका डोळ्यानं दुसऱ्यापेक्षा कमी दिसतं एवढं कळलं तरी दाखवायला न्या. एकेक डोळा झाकणं हेच महत्त्वाचं. दोन्ही उघडे ठेवले की चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो, आणि माणसाला स्वतःलाही कळत नाही.

बाहुलीत पांढरं दिसलं म्हणजे मोतीबिंदूच, असंही धरू नका. आणि पांढरं काहीच नसताना नजर कमी होत असेल तर जास्त घाई करा, काचबिंदू असू शकतो. मोतीबिंदूनं गेलेलं परत येतं. काचबिंदूनं गेलेलं येत नाही, उरलेलं फक्त राखता येतं. मधुमेह असेल तर मागचा पडदाही तपासून घ्या, नाहीतर ऑपरेशन चांगलं होऊनही नजर येत नाही आणि दोष ऑपरेशनवर जातो. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब विकणारे भेटतील. असा कोणताही थेंब नाही. पैसे घालवू नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवस घालवू नका.

संत्रानगरी

अंगणात आईबरोबर सासूबाईंनाही उभं केलं. आईचं माहीत होतं. सासूबाईंचा डावा डोळा झाकला तर त्यांना माझी बोटंच दिसेनात. त्या स्वतःच दचकल्या. म्हणाल्या, "अगं, हा डोळा कधीपासून असा आहे?" सोमवारी दोघींना मेयोला नेते आहे.

उमरेडची_लेक

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहिते आहे. मधे काहीच कळवलं नाही, माफ करा.

आईचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्याजवळ इंजेक्शन दिलं तेव्हा दुखलं म्हणाली, पुढे काही कळलं नाही, वीसेक मिनिटांत बाहेर. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि ती माझ्या साडीकडे. "हा रंग असा आहे?" साडी निळी आहे. तिला ती काळपट वाटायची. सिस्टरनी समजावलं की मोतीबिंदूचं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा रंग अडवतं, त्यामुळे ऑपरेशननंतर काही दिवस निळं जास्तच निळं वाटतं. घरी गेल्यावर तिनं वहिनीला विचारलं, भिंतीला नवा चुना दिला का. भिंत तीच आहे.

महिनाभर थेंब मी आणि वहिनीनं वाटून घेतले. सकाळी ती, संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल करून तिच्याकडून टाकून घ्यायचे. डोक्यावरून पाणी नाही, चुलीजवळ धुरात बसणं नाही, डोळा चोळणं नाही, काळा गॉगल. गॉगल लावून मंदिरात गेली तर बायका हसल्या. ती म्हणाली, तुम्ही पण लावान. आता दूरच्या चष्म्याची गरज नाही, जवळचा मिळाला आहे. तांदूळ पुन्हा तिच्या सुपात आले. चहा ओततानाचं बोट मात्र परवापर्यंत कपाच्या काठाशी जात होतं. हात पुढे जातो, मग ती स्वतःच पाहून मागे घेते. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

बाकीच्या चौघांचं. आशाताईंनी सांगितलं तसं केलं. आमच्या गावच्या आशांना भेटले, तिघांना एकाच दिवशी नेलं, सोबत एकटी वहिनी. कापूसवाल्या आजोबांचं झालं, ते शेतात जायला लागले. "पिकला नाही" वाल्या मावशीचं झालं. ज्या मावशीच्या पोराला सुट्टी नव्हती तिला मोतीबिंदू थोडाच आहे, खरा काचबिंदू निघाला. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्यात थोडी नजर आहे. रोजचे थेंब सुरू केले आहेत. पोरगा आता दर महिन्याला औषध आणायला स्वतः जातो. तो माझ्याजवळ रडला. मी त्याला काय सांगणार होते, माझ्या आईच्या बोटावर डाग होते.

राहिली चौथी मावशी, जिला कोणी विचारलं नव्हतं. ती एकटी आहे. ऑपरेशनला हो म्हणते आणि जायच्या दिवशी दार लावून घेते. दोनदा झालं.

गावची_आशा

ताई, तिच्याकडे तुम्ही जाऊ नका, आईला पाठवा. शिकलेल्या माणसाचं ती ऐकून घेते. स्वतःसारखीचं ऐकून तयार होते. आणि बसनं नेऊ नका. न दिसणाऱ्या माणसाला एसटीत चढण्याची आणि नागपूरला उतरून रस्ता ओलांडण्याची सगळ्यात जास्त भीती वाटते. ऑपरेशनची भीती त्याच्या नंतरची. दारापासून दारापर्यंत गाडी असली की निम्मं काम होतं.

उमरेडची_लेक

आई काल तिच्याकडे दिवसभर बसून आली. दोघींनी मिळून ज्वारी निवडली, म्हणजे आईनं निवडली आणि ती बाजूला बसून आईला विचारत राहिली, हे दिसते का, ते दिसते का. रात्री आईचा फोन आला. मावशी गुरुवारी यायला तयार आहे, पण आई सोबत भरतीपर्यंत राहील तर. आई राहते म्हणाली. गाडीचं मात्र अजून जमलं नाही, दादाची मोटारसायकल आहे फक्त.

करांडला_गेट

मी उमरेडचा. धागा पहिल्या दिवसापासून वाचतो आहे, लिहिलं नव्हतं. माझी ईको गुरुवारी रिकामी आहे. सकाळी सहाला गावात येतो, मावशीच्या दारापर्यंत. मागे पाच जण बसतात, दोघी तुमच्या झाल्या. तीन जागा उरतात. माझ्या आत्याला घेतो. राहिलेल्या दोन जागांसाठी भिवापूर-उमरेड रस्त्यावरचं कोणी असेल तर इथंच कळवा. पैसे नकोत.

गावची_आशा

माझ्या दोन आज्या. कुहीहून उमरेड नाक्यापर्यंत मी आणून देते, साडेसहाला.

करांडला_गेट

या. शुगरच्या गोळ्या आणि आधार कार्ड सोबत घ्यायला सांगा.